गाव इचारणारा बॉक्सर

त्या उन्हाळ्यात सांगलीच्या हळदपेठंतल्या दर दुसऱ्या माणसानं आमच्या दादाला इचारलं, "काय पाव्हणं, लगीन कवा?"

दादाचं लगीन हुऊन वरीस झालं हुतं. पर त्येचे दोन्ही हात कोपरापत्तोर पिवळे, कपाळ पिवळं, कानामागं पिवळं. हळद लागल्याला नवरदेव बी एवडा पिवळा नसतुय. कारण एवडंच, की ठोसे मारायला त्येला माज्या वडलांनी पेठंतनं एक जुनं पोतं आणून दिलं हुतं. आत भुस्सा भरल्याला, पर पोतं मूळचं हळदीचं. आमच्या परड्यातल्या लिंबाला ते टांगून दादा सकाळ-सांज हाणायचा, आन् दर ठोशाला पिवळा धुरळा उठायचा. आई म्हणायची, "आरं, आंगुळ करून तरी ताटाला शिव. भाकरी बी पिवळी दिसाय लागल्या."

दादा म्हंजे माज्या आत्याचा थोरला ल्योक. गाव साताऱ्याजवळ, किस्नेच्या काठाला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वरसं झाली हुती तवा. दादा मिलिटरीत ट्रक चालवायला लागला हुता, आन् त्येचं आंग बघून सायबांनी त्येला बॉक्सिंगच्या टीमीत घातला. सगळ्यात जड गटात. आमच्या घरात त्यो दारातनं तिरका हुऊन यायचा. वडील पेठंत तोलाईला हुते. त्येंनी एकदा गमतीनं दादाला पोत्याच्या काट्यावर बसवला, तर हमाल एकमेकाला म्हणले, "ह्ये पोतं मी न्हाई उचलणार. त्येला म्हणावं तूच चालत वखारीत जा."

मी तवा कालेजात हुतो. म्हंजे फी भरली हुती. खरं काम नकला करायचं. एस्टीचा कंडक्टर, पेठंतला व्यापारी, आमचं संस्कृतचं सर, शेजारची म्हातारी, ज्येचा आवाज एकदा कानात गेला त्यो माज्या तोंडातनं भायेर पडायचाच. दादा सुट्टीवर आमच्याकडं राह्यला आला, त्येचं एक कारण सांगलीत हुणारी बॉक्सिंगची स्पर्धा, आन् दुसरं कारण मी.

"तू माज्या उस्तादाची नक्कल शीक," पयल्याच दिवशी त्यो म्हणला.

उस्ताद म्हंजे टीमीला शिकवणारा हरियाणाकडचा हवालदार. मी त्येला आयुष्यात बघितला नव्हता. दादानंच मला त्येचं बोलणं सांगितलं, त्येची मान कशी हालती ते दाखवलं, आन् मी ते दादालाच परत करून दाखवलं. "अबे पहलवान!" आसा मी परड्यातनं नुसता वरडलो तरी दादा न्हाणीत आंगावर पाणी वतता वतता ताठ उभा ऱ्हायचा. आईला ते आजिबात पटायचं न्हाई. "आरं, त्यो मोठा हाय तुज्यापरीस," म्हणायची. मी म्हणायचो, "आई, मी न्हाई, उस्ताद बोलला."

आता दादाचा हात. त्येच्यावर कुणाचं दुमत नव्हतं. पुण्यात पयल्या मॅचला त्येनं एका सरदारजीला उजव्या हाताचा एक ठोसा दिला, आन् सरदारजी शुद्धीवर आला त्यो दवाखान्यात. पर गोष्ट तितं संपत न्हाई. टीमीतल्या गड्यांना रोज दूध-अंडी मिळायची. दादा आपलं दूध आन् आपली अंडी घिऊन रोज त्या सरदारजीच्या खाटंजवळ जाऊन बसायला लागला. सरदारजी आठवड्यात टुणटुणीत झाला, आन् दादा वाळला. उस्तादानं इचारलं तवा दादा म्हणला, "उस्ताद, लागलं हुतं त्येला."

"तो मारा किसलिए था?"



दुसरी आडचण त्येच्या पाठीत हुती. पाठीत म्हंजे पाठीला काय झालं नव्हतं. दादा लहानपणापासनं तालमीत वाढल्याला. आत्याचे मालक गावच्या तालमीचे वस्ताद, मी त्येंना मामा म्हणतु. मामांनी पोराला एक कायदा शिकवला हुता: पाठ मातीला लागली की संपलं. गपगुमान उठायचं, जिंकल्याला हात द्यायचा, घरला यायचं. तकरार न्हाई. हाच कायदा घिऊन दादा बॉक्सिंगच्या रिंगणात उतरला. दुसऱ्याच मॅचला एकानं त्येच्या हनुवटीवर दिला, आन् दादा पाठीवर पडला. लागलं काय खास नव्हतं. रेफ्री दोनपत्तोर मोजतुय तवर दादा उठला, चड्डी झाडली, त्या गड्याच्या गळ्यात पडला आन् त्येचा हात स्वताच वर केला. रेफ्रीचं तिसरं बोट वरच ऱ्हायलं.

म्होरच्या मॅचला उलटं. समोरचा गडी पाठीवर पडला. दादाला वाटलं, चितपट, जिंकलो. त्यो चारी बाजूला वाकून रामराम करत फिराय लागला, खालची चटई कपाळाला लावली, आन् लोकांत फेटा बांधणारा कोण हाय का बघाय लागला. तवर त्यो गडी उठला, रेफ्रीनं 'बॉक्स' म्हणलं, आन् दादाच्या कानाखाली आसा जाळ निघाला की म्हणतोस काय.

"अबे पहलवान, यहाँ पीठ नहीं गिनते, दस गिनते हैं!" हे उस्तादाचं वाक्य. हेच दादानं मला सगळ्यात पयलं शिकवलं.

मला ह्या गोष्टी ऐकून हसू आवरायचं न्हाई. दादा बी हसायचा. मंग एक दिवस सकाळी घाटावर पोहून आलो, दगडावर वाळत बसलो हुतो. मी त्येचीच नक्कल करत हुतो, चारी बाजूला रामराम करायची. त्यो हसला न्हाई.

"ही शेवटची हाय," त्यो म्हणला.

"काय शेवटची?"

"मॅच. ह्या खेपेला हरलो तर टीममधनं नाव कमी. उस्ताद स्वता बघायला येणार हायत."

"मंग? ट्रक चालव की. तुला कुठं ठोसे मारायची हौस हाय?"

"टीम पुण्यात हाय, येड्या. माजं युनिट गेलंय आसामात. नाव कमी झालं की मागनं मला तितं जावं लागणार." त्यो पाण्यात खडं टाकत बसला. "तुजी वहिनी माहेरी हाय, विट्याच्या अंगाला. दिवस भरत आलेत. पुण्यातनं रातीची गाडी धरली तर सकाळी तिच्याम्होरं उभा ऱ्हातु मी. आसामातनं? पोरगं रांगाय लागल्यावर पोचंन."

मी मंग नक्कल थांबवली. थांबवली म्हंजे दुसऱ्या कामाला लावली.

त्या दिवसापासनं आमच्या घरात मोजणं चालू झालं. दादा जेवून जरा आडवा झाला की मी उस्तादाच्या आवाजात वरडायचो, "एक! दो!" आन् त्येनं आठावर उठून मुठी वळून उभं ऱ्हायचं. आधी उठायचं न्हाई, नंतर न्हाई, आन् उठल्यावर कुणाला हात द्यायचा न्हाई. पयल्या पयल्यांदा त्यो दोनवरच उठून माज्याच गळ्यात पडायचा. त्येच्या गळ्यात पडण्यानं माज्या बरगड्या दुखाय लागल्या. मंग मी पडायचो, त्येनं कोपऱ्यात जाऊन उभं ऱ्हायचं. "हलायचं न्हाई. मी मेलो तरी हलायचं न्हाई." त्यो कोपऱ्यातनं म्हणायचा, "लागलं न्हाई न्हवं रं?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "निजू द्या की एकमेकाला सुखानं! घर हाय का दवाखाना?"

पर तिसरी आडचण सगळ्यात अवघड. ती मिलिटरीत कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण तितं समोर सरदार, गुरखा, मद्रासी. हितं सांगलीत समोर कोण येणार? आपल्यातलाच कोणतरी. आन् दादाला नवा माणूस दिसला की त्यो एकच इचारायचा, "गाव कुठलं?" मंग, "तितल्या अमक्याचं तुमी कोण?" तिसऱ्या सवालाला कायतरी नातं निघायचंच. सातारा-सांगलीत न निघून जातंय कुठं? आन् नातं निघालं की दादाचा हात त्या माणसावर उठणं शक्य नव्हतं. त्येनं एकदा एस्टीत खिसा मारणाऱ्याला धरला हुता. धरून इचारलं, गाव कुठलं. शेवटी त्येला आपल्या पैशानं च्या पाजून उतरवून दिला, कारण त्यो त्येच्या मावशीच्या गावचा निघाला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी उस्ताद आला. बुटका माणूस, मिशी बारीक, मान हालायची अगदी मी हालवायचो तशी. दादानं लगेच सांगून टाकलं, "उस्ताद, ये आपकी नकल करता है."

"सुना," उस्ताद म्हणला.

मी "अबे पहलवान" केलं. त्यो हसला न्हाई. दादाला इचारलं, "मैं ऐसे बोलता हूँ?"

"इससे जोर से, उस्ताद."

जड गटात दोनच गडी हुते. एक दादा, दुसरा पोलिसातला. एवडा मोठा माणूस पोसायचा कुणी, म्हणून त्या गटात गर्दी नसतीच. म्हंजे पयलीच मॅच ती शेवटची. वजन करायला दोघंबी एका खोलीत बसणार म्हणल्यावर माजी धांदल उडाली. मी दादाच्या आधी आत शिरलो. पोलिसवाला बाकड्यावर बसला हुता, दादापरीस बोटभर उंच. मी त्येच्या कानात म्हणलो, "आमच्या गड्याशी बोलू नका. तोफखान्यात हुता त्यो. दोन्ही कानानं ऐकू येत न्हाई."

"आरारा," पोलिसवाला म्हणला. "लय वंगाळ झालं."

मंग भायेर यिऊन दादाला सांगितलं, "त्यो नागपूरकडचा हाय. आन् मॅचच्या दिवशी मौन पाळतुय. काय इचारू नगंस, त्येचं मौन मोडंल."

दादाला मौनाचा लय आदर. आत जाऊन त्येनं नुसतं हात जोडलं. पोलिसवाल्यानं बी जोडलं, आन् त्येच्याकडं आसं बघितलं जसं काय माणूस आजारी पोराकडं बघतुय. दोघं अर्धा घंटा एकाच बाकड्यावर बसलं, एकमेकाकडं बघून मान डोलवत. मी मधी.

मॅच एका शाळंच्या पटांगणात हुती. दुपार कलली हुती. सांगलीकरांनी बॉक्सिंग आधी कुठं बघितलं हुतं? लोक कुस्ती म्हणूनच आल्यालं. कुणीतरी हलगी बी आणली हुती. ठोसा बसला की हलगीवाला वाजवायचा, न्हाई बसला तरी वाजवायचा, त्येच्यापायी राउंडची घंटाच ऐकू यिना. रेफ्री दोनदा रिंगच्या दोरीवर चढून त्येच्यावर वरडला.

आमच्या कोपऱ्यात उस्ताद, त्येच्या मागं मी, बादली आन् टावेल घिऊन.

पयला राउंड दादाचा. खरंच दादाचा. मी त्येला पोत्यावर हाणताना बघितला हुता, माणसावर हाणताना न्हाई. एवडं मोठं आंग, पर पाय आसं हलायचं की खालची फळी वाजायची न्हाई. डावा हात नुसता इचारपूस करायचा आन् उजवा जायचा त्यो दिसायचाच न्हाई, पोलिसवाल्याचं डोकं मागं गेलं की कळायचं, गेला म्हणून. मी टावेल चावत बसलो हुतो. उस्ताद मान हालवत हुता, पर ती निराळी हालवणी, ती मला दादानं कवा दाखवली नव्हती.

दुसऱ्या राउंडला पोलिसवाल्यानं दादाला पाडलं. पाठीवर. सगळं पटांगण वरडलं, "चितपट!" हलगी सुरू. दादा कोपरावर उठला, त्येचा हात म्होरं आला, आन् मला कळलं, आता ह्यो त्येच्या गळ्यात पडणार. मी जीव खाऊन वरडलो, "अबे पहलवान! तीन! चार!" उस्ताद माज्याकडं वळून बघाय लागला, पर दादा थांबला. गुडघ्यावर थांबला. आठावर उठला. मुठी वळल्या. हात न्हाई दिला कुणाला. लोकांना वाटलं ही लबाडी हाय, एक म्हातारा उठून म्हणला, "आवं पाठ लागली की त्येची! आमी बघितली!" त्येला खाली बसवायला चौघं लागली.

राउंड संपल्यावर उस्ताद दादाच्या तोंडावर पाणी मारत म्हणला, "तीन मिनट. बस तीन मिनट. तेरे पॉइंट ऊपर हैं." मी दादाच्या कानात म्हणलो, "पुणं, दादा. पुणं." त्येनं मान हालवली.

तिसऱ्या राउंडला पोलिसवाला दमला हुता. दमल्याला बॉक्सर म्होरच्याच्या आंगावर रेलतु, तसा त्यो दादाच्या आंगावर रेलला. नेमका आमच्या कोपऱ्यात. त्येच्या तोंडात दातांची रबरी पट्टी, म्हंजे गरम भजं तोंडात धरून बोलावं तसं बोलणं. आन् दादाला ऐकू येत न्हाई म्हणून त्यो बिनघोर, स्वताशीच, पर चांगल्या मोठ्या आवाजात म्हणला, "आयला, ह्यो माणूस हाय का बैल!"

दादा दचकला. "मौन हाय न्हवं तुमचं?"

पोलिसवाला त्येच्याहून दचकला. "तुमी भैरं न्हवं का?"

दोघांनी बी वळून माज्याकडं बघितलं. मी बादलीत बघाय लागलो.

"ब्रेक!" रेफ्री म्हणला. दोघं सुटली, आन् लगेच दादानं त्येला परत मिठी मारली. ठोसा मारायला न्हाई. इचारायला.

"नागपूरचं न्हाई तुमी. गाव कुठलं?"

"तासगावच्या पल्याड."

"माज्या बायकूचं आजोळ बी तितंच."

"कुणाची बायकू?"

"माजी. विट्याच्या अंगाला एका डोळ्याचे सुभेदार हायत बघा, त्येंची धाकटी."

पोलिसवाल्यानं दोन्ही हात खाली सोडले. "आवं, ती माज्या आत्याची पोरगी! दाजी, तुमी व्हय! लग्नाला मला सुट्टी गावली न्हाई, बंदोबस्ताला हुतो."

"ब्रेक! ब्रेक म्हणतोय मी!" रेफ्री मधी घुसला.

त्येच्याम्होरं जे झालं ते सांगलीत कैक वरसं लोक सांगत हुते, आन् मी तर करून दाखवत हुतो. दोन डोंगराएवडी माणसं मुठी वळून एकमेकाभवती फिरत हुती आन् हाणत कोणच नव्हतं. फकस्त बोलणं.

"हाणा की दाजी."

"न्हाई न्हाई, आदी तुमी. तुमी पाव्हणं."

"आसं कसं? जावयावर आमी हात उचलायचा?"

"तिचे दिवस भरल्यात, आन् मी तिच्या भावाला हाणू? घरात घील का मला?"

हलगीवाला सुद्धा थांबला. रेफ्रीनं दोघांना बोट दाखवून सांगितलं, आता मारलं न्हाई तर दोघंबी भायेर. उस्ताद रिंगची फळी हातानं बडवत हुता, "मार! मार, पहलवान!" पर दादाला उस्तादाचा आवाज पोचतच नव्हता. आन् उस्तादाच्या आवाजात मी वरडून तरी काय उपेग? खरा उस्तादच वरडत हुता की.

मंग माज्या तोंडातनं मामांचा आवाज निघाला. ठरवून न्हाई. तालमीच्या दारात उभं राहून लाल मातीत पोरांवर वरडायचे त्यो आवाज.

"आरं ए! हाण की! आखाड्यात कसला रं पाव्हणा!"

दादाचा उजवा हात गेला. त्येनं पाठवला नव्हता, त्यो गेला. लहानपणापासनं त्या आवाजाला 'जी' म्हणायची सवय हुती त्येला. पोलिसवाला उभाच्या उभा मागं पडला, पाठीवर, दोन्ही हात पसरून. सगळं पटांगण उठून उभं ऱ्हायलं.

दादा आमच्या समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभा ऱ्हायला. परड्यात शिकवल्यागत. रामराम न्हाई, चटईला हात न्हाई. उस्तादानं माजा खांदा दाबला. रेफ्री मोजाय लागला. तीन. चार. पोलिसवाला डोळं उघडून आभाळाकडं बघत हुता. पाच. त्येनं उठायला हात टेकला आन् त्यो हात घसरला.

दादानं माज्याकडं बघितलं. मी मान हालवली, न्हाई म्हणून. उस्तादानं बी हालवली. दादा चार ढांगात तितं पोचला, वाकला, पोलिसवाल्याच्या काखंत हात घातला आन् त्येला उभा केला. "उठा पाव्हणं. लय लागलं का?" आन् त्येची पाठ झाडाय लागला.

रेफ्रीचं मोजणं सातावर थांबलं. त्यो पंचांच्या टेबलाकडं गेला, तितं डोकी एकत्र झाली, आन् त्यो परत यिऊन दादाला म्हणला, "मोजणी चालू असताना कोपरा सोडलात. तुम्ही बाद." मंग त्येनं पोलिसवाल्याचा हात वर केला. पोलिसवाल्यानं खाली ओढला. रेफ्रीनं परत वर केला. "सायेब, नगं," पोलिसवाला म्हणत हुता, "दाजी जिंकल्यात. आत्या मला दारात उभं करणार न्हाई." शेवटी रेफ्रीनं त्येचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. टाळ्या वाजवणाऱ्यात पयला दादा.

उस्ताद बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

मी त्या येळंला हसलो न्हाई. हातातला टावेल पिळत बसलो, त्यो कोरडा हुता तरी.

नातं निघालं म्हणल्यावर पाव्हण्याला घरी न्यावंच लागतंय. दिवस मावळायच्या आत आमच्या सोप्यात पंगत बसली: वडील, मी, दादा, पोलिसवाला आन् उस्ताद. आईनं मटणाचा रस्सा केल्याला. आन् कळलं की उस्ताद मांस खात न्हाई. एवडा लोकांची नाकं फोडायला शिकवणारा माणूस, आन् ताटात दही-भात! आई त्येला दही वाढत मराठीत म्हणली, "खावा बाबा. तुमच्या गड्यानं आज तुमचं रगात आटवलंय." त्येला समजलं न्हाई, पर त्येनं मान हालवली.

पोलिसवाला दादाच्या ताटात फोडी टाकत हुता. दादा त्या परत त्येच्या ताटात टाकत हुता. दादा जेवत नव्हता. आमच्या घरात त्यो राहत हुता तेवड्या दिवसात त्येनं भाकरी पुढ्यात ठिवून तिच्याकडं नुसतं बघितल्यालं मी पयल्यांदाच बघत हुतो.

"उस्ताद," शेवटी त्यो म्हणला, "नाम काट दो. गलती मेरी है. पण थोडा रुक के काटो. घरवाली का..." आन् त्येला हिंदी शब्द गावंना. त्येनं हातानं पोटाम्होरं गोल करून दाखवलं. एवडा मोठा हात, एवडा मोठा गोल, की पोलिसवाल्याला ठसका लागला.

उस्तादाचा घास हातात ऱ्हायला. "पहले क्यों नहीं बोला?"

दादा म्हणला, "ठोसे के बदले में छुट्टी माँगना अच्छा नहीं लगता, उस्ताद."

उस्ताद किती तरी येळ दही-भात कालवत हुता. कालवून कालवून त्येची लापशी झाली. मंग त्येनं दादाकडं न बघता सांगितलं. नाव बॉक्सरच्या यादीतनं कमी हुणार, त्याला विलाज न्हाई, सायबाला काय तोंड दावणार. पर टीमीतल्या जवान पोरांना रोज सरावाला कोणतरी जड गडी समोर लागतुय. ज्येला मार सोसतुय, जो मार परत करताना बेतानं करतुय, आन् समोरचा पडला तर राग न धरता उचलतुय.

"ऐसा आदमी ढूँढे नहीं मिलता," उस्ताद म्हणला. "मारने वाले तो बहुत हैं. कप नहीं मिलेगा. फोटो में पीछे खड़ा रहेगा. चलेगा?"

माज्या जिवाला ते लागलं. त्यो उजवा हात मी बघितला हुता. त्या हाताच्या माणसानं रोज पोरासोरांचे ठोसे खायचे? मी तोंड उघडणार हुतो, तवर दादानं इचारलं, "पुण्यातच न्हवं, उस्ताद?"

"पूना में."

"इतवार को छुट्टी?"

"मिलेगी."

दादानं भाकरी मोडली. त्येच्याम्होरं त्येनं किती खाल्ली ते मी सांगत न्हाई, आईनं दोनदा तवा परत चुलीवर ठिवला. पोलिसवाला त्येच्या पाठीवर थाप मारून म्हणला, "दाजी, तुमी आसं जेवताना बघितलं आसतं तर मी मॅचलाच आलो नसतो."

महिन्याभरात वहिनीला मुलगी झाली. दादा पुण्याची रातीची गाडी धरून सकाळी सासुरवाडीच्या दारात हजर. मी बी आत्याला, दादाच्या आईला, घिऊन तितं गेलो हुतो. दादाचा वरचा ओठ सुजल्याला, एक कान लाल, डाव्या डोळ्याखाली निळं. टीमीतली पोरं जोरात आली हुती म्हणायची. एका डोळ्याचे सुभेदार त्येला दारातच न्याहाळत म्हणले, "लढाई चालू झाली का काय रं?"

आत खाटंवर वहिनी पोरीला घिऊन बसल्याली. दादानं पोरीला आसं घेतलं, जसं काय हातात दुधाची कळशी हाय आन् ती काठोकाठ भरल्या. वहिनीनं त्येच्या तोंडाकडं बघितलं, ओठाकडं, कानाकडं.

"एवडं दोन वरसं त्या बॉक्सिंगात हाईसा," ती म्हणली, "सारखं मार खाऊनच येतासा. कवा कुणाला हाणलंसा का न्हाई तुमी?"

दादा पोरीकडं बघत हुता. तिनं त्येचं बोट धरलं हुतं, आन् त्येला दुसरं काय सुचत नव्हतं.

"हाणलं की," त्यो म्हणला. "चांगला हाणला. तुज्या मामाच्या पोलिसातल्या पोराला."

वहिनी त्या दिवशी त्येच्याशी परत बोलली न्हाई. पोरगी मातर त्येच्याकडंच ठिवली.